मर्यादा ५५ डेसिबलची, प्रश्न दुपारच्या तीन तासांचा

पत्राचा सारांश: गोव्यातील डिचोली तालुक्यातील एका गावातून एका गृहिणीने हे पत्र पाठवले आहे. घरामागच्या काजूच्या डोंगरावर त्यांच्या चुलतदिरांनी दोन हंगामांपूर्वी पर्यटकांसाठी एटीव्हीचा, म्हणजे चार जाड चाकांच्या क्वाड बाइकचा, ट्रॅक सुरू केला. गाड्या सहा आहेत. ट्रॅकचे सर्वांत जवळचे वळण घरापासून साठेक मीटरवर आहे आणि हंगामात सकाळी नऊपासून दिवेलागणीपर्यंत फेऱ्या चालतात. सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला असून दुपारची झोप त्यांना आवश्यक आहे. मुलगी बारावीला आहे. पत्रलेखिकेने कुंपणाशी उभे राहून मोबाइलमधील ॲपने आवाज मोजला तेव्हा आकडा ८४ आला. निवासी भागाची मर्यादा ५५ डेसिबलची असल्याने हा सरळसरळ कायदेभंग आहे, असे त्यांना वाटते. दिरांचे म्हणणे असे की गाड्या कंपनीच्या आहेत, आवाज मर्यादेतच आहे. यजमान म्हणतात, खाणीचे ट्रक दारावरून जात होते तेव्हा आपण गप्प राहिलो, आता घरच्याच माणसाच्या पोटावर पाय कसा द्यायचा? अमेरिकेतील भाच्याने कळवले आहे की तिथल्या राष्ट्रीय उद्यानात बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबाइलनाही ६७ डेसिबलची मर्यादा आहे. “आपल्याकडे असा आकडा का नाही? मी तक्रार करावी की सोसावे?” असा त्यांचा प्रश्न आहे.

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात ८४, ५५ आणि ६७ असे तीन आकडे आहेत. तिन्ही डेसिबलमध्ये असले तरी ते तीन निरनिराळ्या गोष्टी मोजतात आणि तुमच्या घरात चाललेला वाद बराचसा तिथूनच निघाला आहे. म्हणून तक्रारीचा विचार करण्याआधी हे आकडे नीट पाहू.

५५ चा आकडा ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० मधला आहे. निवासी क्षेत्रात दिवसा, म्हणजे सकाळी ६ ते रात्री १० या वेळेत, ५५ डेसिबल आणि रात्री ४५ डेसिबल अशी ती मर्यादा आहे. ही मर्यादा कोणत्याही एका क्षणाच्या आवाजाला लागू होत नाही. ती ठरावीक कालावधीतील आवाजाच्या ऊर्जेची सरासरी आहे. याचा अर्थ तुमच्या ओसरीवर काय होतो ते पाहा. समजा, दर अर्ध्या तासाला एक ताफा जातो, त्या एका मिनिटात ओसरीवर ७० डेसिबल आवाज येतो आणि उरलेली एकोणतीस मिनिटे पानांची सळसळ व कोंबड्यांचा आवाज मिळून ४५ च्या आसपास राहतात. त्या अर्ध्या तासाची सरासरी जवळपास ५६ येईल. असे आठ तास चालले आणि दिवसाचे उरलेले आठ तास शांततेत गेले, तर सोळा तासांची सरासरी ५३ पर्यंत खाली येते. म्हणजे कागदावर सारे मर्यादेत, आणि तरीही तुमचे सासरे दुपारच्या तीन तासांत सहा वेळा दचकून जागे झालेले. शिवाय याच नियमांनुसार नागरिकाने प्राधिकाऱ्याकडे तक्रार करायची ती आवाज ठरवून दिलेल्या पातळीपेक्षा १० डेसिबलने किंवा त्याहून अधिक वाढला असेल तेव्हा. त्यामुळे “८४ वजा ५५ म्हणजे २९ ने उल्लंघन” हे गणित घेऊन तुम्ही कचेरीत गेलात, तर पहिल्याच भेटीत ते मोडून पडेल.

८४ बद्दलही थोडे बोलायला हवे. मोबाइलचा मायक्रोफोन माणसाचे बोलणे टिपण्यासाठी बनवलेला असतो. त्याचे प्रमाणीकरण झालेले नसते, वारा लागला की आकडा उगाच चढतो, आणि ॲपमध्ये आपले लक्ष जाते ते सर्वांत उंच उडीकडे. ॲप निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. एकाच फोनने, एकाच जागेवरून, खिडकीच्या एकाच स्थितीत मोजलेले आकडे एकमेकांशी ताडून पाहायला ते चांगले आहे. पण तुम्ही मोजमाप केले कुंपणाशी आणि सासरे झोपतात ओसरीलगतच्या खोलीत. आवाजाचा त्रास जिथे होतो तिथे तो मोजायला हवा.

आता भावजींचे म्हणणे घेऊ. आपल्याकडे रस्त्यावरच्या दुचाकींना कारखान्यातून बाहेर पडताना आवाजाची मर्यादा असते: ८० सीसीपर्यंत ७५, त्यापुढे १७५ सीसीपर्यंत ७७ आणि त्याहून मोठ्या इंजिनाला ८० डेसिबल. ही मोजणी गाडीच्या मार्गापासून साडेसात मीटरवर मायक्रोफोन ठेवून करतात. एटीव्ही बहुधा रस्त्यावरचे वाहन म्हणून नोंदवलेली नसते, त्यामुळे हे आकडे तिला जसेच्या तसे लागू होतीलच असे नाही. पण तिचा आवाज याच तोडीचा आहे असे वादासाठी धरू. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. साडेसात मीटरवरचे ८० डेसिबल पंधरा मीटरवर ७४, तीस मीटरवर ६८ आणि तुमच्या साठ मीटरवर ६२ होतात. हे झाले एका गाडीचे. सारख्या आवाजाच्या सहा गाड्या एकत्र आल्या की त्यात आणखी सात-आठ डेसिबलची भर पडते. तेव्हा भावजी खोटे बोलत नाहीत आणि तुम्हीही कांगावा करत नाही. त्यांची गाडी मर्यादेत असू शकते आणि तुमच्या घरी बसवत नाही हेही खरे असू शकते.

भाच्याने सांगितलेला ६७ चा आकडा बरोबर आहे, मात्र तो अर्धाच सांगितला गेला. अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात स्नोमोबाइलच्या आवाजावरून वर्षानुवर्षे वाद आणि कोर्टकज्जे झाले. आधी तिथे पूर्ण वेगाला ७३ डेसिबलची अट होती. २०१३ च्या नियमाने ती ताशी ३५ मैलांच्या सर्वसाधारण वेगाला ६७ अशी झाली. ही मोजणी पन्नास फुटांवरून, म्हणजे सुमारे पंधरा मीटरवरून होते. याउलट कॅलिफोर्नियात १९८६ पासून बनलेल्या कच्च्या वाटेवरच्या वाहनांना ९६ डेसिबलची मर्यादा आहे. वाचून वाटावे, तिथे कानठळ्या बसवायची मोकळीक आहे. पण ती मोजणी सायलेन्सरच्या तोंडापासून वीस इंचांवर करतात आणि तेवढ्या अंतरातला फरक हिशेबात घेतला तर पंधरा मीटरवर तो आवाज साठ-सत्तरच्या घरात येतो. किती अंतरावरून मोजला हे न सांगता कुणी डेसिबलचा आकडा तोंडावर फेकला, तर त्याला आधी अंतर विचारा.

यलोस्टोनकडून घेण्यासारखे काही असेल तर ते आकड्याच्या पुढचे आहे. तिथल्या व्यवस्थापनाला कळून चुकले की प्रत्येक यंत्र कितीही शांत केले तरी दिवसभर एकामागून एक यंत्रे जात राहिली तर शांतता उरत नाही. म्हणून त्यांनी दिवसाकाठी बर्फावरच्या वाहनांच्या ११० खेपांचा कमाल कोटा ठरवला, त्यात स्नोमोबाइलच्या तुकड्या ५० पेक्षा जास्त नाहीत, आणि एका तुकडीत दहापेक्षा जास्त गाड्या नाहीत. आणखी एक फरक ध्यानात ठेवा. ताजा बर्फ आवाज शोषून घेतो. आपला जांभ्याचा सडा तसा नाही, हंगामात गवत वाळल्यावर तर तो आवाज चांगलाच परतवतो. पत्रात तुम्ही लिहिले आहे की ट्रॅक घराच्या पश्चिमेला आहे आणि दुपारनंतर त्रास वाढतो. त्या वेळी समुद्राकडून खारा वारा सुटतो, आणि वाऱ्याच्या दिशेने आवाज लांबवर पोचतो. तुमचा अनुभव मनाचा खेळ नाही.

यजमानांच्या खाणीच्या युक्तिवादाकडे मी जरा थांबून पाहू इच्छितो, कारण डिचोली, सत्तरी, सांगे या भागांतल्या कितीतरी घरांत तो ऐकू येतो. खाणीचे ट्रक होते तेव्हा सोसले, म्हणून आता सोसायचे, यात गृहीत असे धरले आहे की तेव्हाचे सोसणे योग्यच होते. तसे ते नव्हते. त्या धुळीविरुद्ध आणि त्या रांगांविरुद्ध गावोगावी लोक उभे राहिले होते. तथापि यजमानांच्या बोलण्यात दुसरीही एक गोष्ट आहे आणि ती तुम्ही झटकून टाकू नये. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, थोड्या सुरू झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद पडल्या, तेव्हा ज्यांचे ट्रक अंगणात गंजत उभे राहिले त्यांत तुमचे भावजीही होते. ट्रक मोडीत काढून, वर आणखी कर्ज घेऊन त्यांनी या गाड्या आणल्या. वहिनी आपला धंदा बंद पाडायला निघाली आहे असे त्यांना वाटले, तर ते तुमचे कुठलेही गणित ऐकून घेणार नाहीत.

म्हणून तुम्हाला नेमके काय हवे आहे, हे आधी स्वतःशी ठरवा. पत्र मी पुन्हा वाचले. त्यात ट्रॅक बंद व्हावा असे तुम्ही कुठेच लिहिलेले नाही. तुम्हाला दुपारी एक ते चार सासऱ्यांची झोप हवी आहे आणि फेब्रुवारीतल्या परीक्षेपर्यंत संध्याकाळचा अभ्यास हवा आहे. “तक्रार की सोसणे” या दोन टोकांमध्ये एवढी मागणी सहज मावते, आणि तिच्यासाठी कायद्याचा आकडा ओलांडलेला असण्याची गरज नाही.

बोलायला जाण्याआधी दोन आठवडे एक वही ठेवा. तारीख, ताफा गेल्याची वेळ, गाड्या किती, सासरे जागे झाले की नाही, वारा कुठून होता, एवढेच त्यात लिहा, विशेषणे नकोत. ही वही भावजींना दाखवायला उपयोगी पडेल आणि न जमल्यास पुढे अधिकाऱ्यांनाही. मग यजमानांना बरोबर घेऊन जा. नाताळच्या गर्दीत जाऊ नका. गाड्या धुऊन उभ्या आहेत अशा एखाद्या सकाळी जा आणि शक्य तर बोलणे ट्रॅकवरच करा.

तिथे आधी सायलेन्सर पाहायचे. पुष्कळ क्वाड बाइकच्या सायलेन्सरच्या आत छिद्रांची नळी असते आणि तिच्याभोवती काचतंतूची पॅकिंग असते. भाड्याने सतत चालणाऱ्या गाडीत ही पॅकिंग जळून विरते आणि आवाज महिन्यागणिक चढत जातो. रोज ऐकणाऱ्या मालकाच्या ते लक्षातही येत नाही. इंजिनाला नळी जिथे जोडली जाते तिथले गॅस्केट फुटले असेल तर तिथे काजळीचा काळा डाग दिसतो आणि फट-फट असा वेगळाच आवाज येतो. चिखलातून आणि ओढ्यातून नेलेल्या गाड्यांचे सायलेन्सर खालून गंजून भोके पडलेले असतात. आणि तरुण गाइडांची एक जुनी हौस असते: सायलेन्सरच्या तोंडातला, मेकॅनिक ज्याला ‘डीबी किलर’ म्हणतात तो तुकडा काढून ठेवायचा, म्हणजे गाडी ‘दमदार’ वाटते. सहापैकी दोनच गाड्यांत असे काही निघाले तरी सगळ्या ताफ्याचा आवाज त्याच दोन ठरवत असतात. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीपुढे किरकोळ आहे आणि भावजींनाही तो टळणारा नाही, कारण गळका सायलेन्सर गाडीचेही नुकसान करतोच.

त्यानंतर वळणाचे बघा. ॲक्सिलरेटर दाबला जातो तो चढावर आणि वळणातून बाहेर पडताना. तुमच्या घराजवळचे वळण चढाचे असेल, तर ट्रॅकची दिशा उलटी केली की तिथे उतार येईल आणि जोर दुसऱ्या बाजूला लागेल. यात एक पैसा खर्च नाही. वळण साठ मीटरवरून एकशेवीसवर सरकवता आले तर आणखी ६ डेसिबल उतरतील. कुणी म्हणेल, मध्ये झाडे लावू. झाडे जरूर लावा, पण काजूच्या दोन रांगांनी आवाज अडत नाही. अडतो तो मातीच्या उंच बांधाने किंवा चिऱ्यांच्या सलग भिंतीने, तीही एवढी उंच की घरातून गाडी दिसू नये. भोके ठेवलेल्या गडग्याचा उपयोग नाही.

वेळेचे बोलणे सर्वांत शेवटी काढा आणि ते नेमके करा. एक ते चार फेरी नाही; त्या वेळात पाहुण्यांना जेवण आणि काजूची बागायत दाखवणे ठेवता येईल, पर्यटक त्याचेही पैसे देतात. दिवेलागणीनंतर गाडी नाही. एका वेळी चारपेक्षा जास्त नाहीत. सुरुवातीच्या जागेवरचा स्पीकर, असल्यास, बंद. त्याबदल्यात जत्रा, सप्ताह आणि चतुर्थीच्या दिवसांत आपल्या वाड्यावरचा आवाजही आपण सांभाळू, हे तुम्ही आपणहून म्हणा. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला वर्षातून फार तर पंधरा दिवस, तेही मध्यरात्रीपर्यंत, सवलत देता येते, हे आपल्यातील अनेकांना सोयीस्करपणे आठवत नाही.

घरात आजारी माणूस आहे म्हणून तुमचे घर ‘शांतता क्षेत्र’ ठरत नाही. रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांच्याभोवतीच्या किमान शंभर मीटरांच्या परिसरासाठी ती तरतूद आहे. हे मुद्दाम सांगितले, कारण तुमच्यासारख्या पत्रांत हा समज वारंवार दिसतो.

भावजींनी ऐकलेच नाही तर? मग कायद्याकडे वळा, पण कोणत्या दाराने जायचे ते समजून घ्या. डेसिबलचा मार्ग धरायचा असेल तर साळगावच्या गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी अर्ज करून प्रमाणित यंत्राने मोजणी मागा, आणि ती तुमच्या ओसरीवर, ताफे चालू असताना व्हावी असे अर्जात स्पष्ट लिहा. सरासरी मर्यादेत आली तरी दुसरा रस्ता खुला असतो: भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकारी सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा सशर्त आदेश देऊ शकतात. तिथे प्रश्न एका आकड्याचा राहत नाही. लोकांच्या आरोग्याला आणि सुखाला बाध येते का हे पाहिले जाते. तो उपद्रव एका घरापुरता असून चालत नाही, त्यामुळे आजूबाजूच्या घरांच्या सह्या लागतील. त्या घरांना खरेच त्रास होतो का, हे सह्या मागण्याआधी विचारा.

एटीव्ही ट्रॅक सोडून गावच्या रस्त्यावरून ओढ्यापर्यंत नेल्या जात असतील, तर मामला निराळा आणि बराच सोपा आहे. नोंदणी नसलेले वाहन सार्वजनिक रस्त्यावर चालवताच येत नाही. नोंदणीकृत मोटारसायकलचा सायलेन्सर बदलला असेल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली आवाजाच्या मानकांचा भंग म्हणून दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. रात्री गल्लीत फटाक्यासारख्या बुलेट उडवणाऱ्या मुलांमुळे त्रासलेल्या वाचकांनीही हे कलम टिपून ठेवावे.

जमिनीचा प्रश्न मी जाणूनबुजून मागे ठेवला आहे. शेतजमिनीचा बिगरशेती वापर करायला भूमहसूल संहितेखाली सनद लागते, डोंगर कापायचा असेल तर नगरनियोजन कायद्याच्या कलम १७-अ खाली परवानगी लागते, पंचायतीचा परवाना आणि पर्यटन खात्याकडील नोंदणी हे वेगळेच. आवाजापेक्षा या बाजूने धंदा अधिक लवकर अडचणीत येतो. तुमच्या ओळखीचा कुणी ना कुणी तुम्हाला ही वाट दाखवेलच. ती धरली तर ट्रॅक बंद पडू शकतो, तीन तासांची शांतता मात्र तिथे मागताच येत नाही. आणि एकाच सामायिक डोंगराच्या दोन वारसांमध्ये महसुली वाद सुरू झाला की तो पुढच्या पिढीपर्यंत चालतो. डोंगर खरोखर कापला जात असेल, पावसात माती खाली येत असेल, तर गोष्ट वेगळी; तेव्हा नात्याकडे पाहत बसू नका.

किनाऱ्याजवळच्या वाचकांसाठी एवढेच, की मोरजी, आश्वे, आगोंद किंवा गालजीबाग इथे डेसिबल मोजण्यापर्यंत जाण्याची गरजच नाही. किनाऱ्यावर गाडी नेणे हाच गुन्हा आहे, वाळूच्या टेकड्या बिघडवायला किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेची मनाई आहे, आणि ऑलिव्ह रिडले कासवे रात्री अंडी घालायला याच वाळूवर येतात. वाळूवर पसरणाऱ्या मर्यादवेलीवरून चाक गेलेले दिसले तर फोटो काढा आणि पर्यटन पोलिसांना किंवा वनखात्याला त्याच दिवशी कळवा.

तुमच्या बाबतीत मी पहिला महिना फक्त वही, यजमान आणि भावजी एवढ्यांपुरता ठेवीन. ठरलेल्या वेळा साध्या कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. घरच्या घरी असे कागद करणे विचित्र वाटते, पण जानेवारीत नवीन गाइड कामाला लागतात आणि तोंडी ठरलेले त्यांना कुणी सांगत नाही. तो कागद गाड्या उभ्या असतात त्या शेडमध्ये चिकटवायला सांगा. महिन्यानंतरही फरक पडला नाही तर सरपंचांच्या नावे एका पानाचा अर्ज करा, त्याला वहीची प्रत जोडा, मागणी एक ते चारची आणि दिवेलागणीनंतरची एवढीच ठेवा, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच मिळाल्याशिवाय पंचायतीतून निघू नका.